टेबलावरचा थर्मास

प्रतिज्ञापत्राच्या कामासाठी न्यायालयात गेलो होतो, तेव्हा हे पाहिलं. बांधाच्या भांडणात धाकट्या भावाचा हात तोडल्याचा गुन्हा एका म्हाताऱ्यावर शाबीत झाला होता. न्यायाधीशांनी शिरस्त्याप्रमाणे विचारलं, "शिक्षेबद्दल काही सांगायचंय?"

म्हाताऱ्यानं मागे वळून पाहिलं. त्याच्या बायकोनं पुढे येऊन टेबलावर मुद्देमाल म्हणून ठेवलेल्या कोयत्याशेजारी एक निळा थर्मास ठेवला. "साहेब, यांचं इन्सुलिन. गार ठेवावं लागतं. तुरुंगात ठेवतील का?"

न्यायाधीश लिहायचे थांबले.

शिक्षा वर्षांत मोजतात आणि वर्ष सगळ्यांना सारखंच, असं आपण धरून चालतो. धडधाकट माणूस तीन वर्षं भोगून घरी येतो. याला तीच तीन वर्षं कदाचित पुरून उरतील. पण आजार बघून शिक्षा कमी करावी, तर मागच्या बाकावर भाऊ बसलेला, रिकामी बाही खिशात खोचून. मला काही ठरवायचं नव्हतं, याचं बरं वाटलं.

तेवढ्यात कारकुनानं कोयत्यासारखीच थर्मासलाही सवयीनं मुद्देमालाची चिठ्ठी बांधली.

"अहो, ते औषध आहे," म्हणत भाऊ उठून टेबलापाशी आला. चिठ्ठी सोडवायला लागला, पण एका हातानं गाठ सुटेना.