कान्हेरीला आज मधमाश्या उठल्या

इंद्रलोक सोसायटीच्या मंडळींनो, घरी आल्या आल्या लिहितेय.

आज सासूबाईंना घेऊन कान्हेरी लेणी बघायला गेले होते. नॅशनल पार्कातून बसने वर पोचलो. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून सावकाश पायऱ्या चढत होतो. वर कड्याला मधाची पोळी लटकली होती. एका ग्रुपमधल्या कुणीतरी मजा म्हणून पोळ्याला दगड मारला आणि माश्यांचा लोट भणभणत खाली आला.

लोक किंचाळत पळाले. सासूबाईंना पळता येईना. माझा हात झटकून त्या म्हणाल्या, "तू पळ. पोरं लहान आहेत तुझी."

"गप्प बसा आई!" म्हणत मी त्यांना जवळच्या लेण्याच्या कोपऱ्यात ओढलं आणि दोघींवर ओढणी घेतली. लांबून वॉचमन ओरडला, "हिलना मत!" माश्या ओढणीवरून चालत होत्या, कपाळाला जाणवत होत्या. आईंचा श्वास इतका जोरात चालला होता की तोच माश्यांना ऐकू जाईल, असं वाटत होतं. डंख बसले, तरी आम्ही हूं की चूं केलं नाही.

घोंघावणं थांबल्यावर वॉचमनने आम्हाला खाली आणलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. हात सुजलेत, बाकी ठीक आहोत.

आत्ता चहा पिताना आई हळूच म्हणाल्या, "पळ म्हटलं खरं, पण तू खरंच जाशील, याचीच मला जास्त भीती वाटत होती."

तुमच्या घरची मोठी माणसंही "तुम्ही व्हा पुढे" म्हणतात ना? तेव्हा त्यांचं ऐकता का हो?