सासऱ्यांची अरुंधती

माझ्या लग्नात अरुंधती सगळ्यांना दिसली, एक सासरे सोडून. सप्तर्षींच्या शेपटातला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला खेटून मिणमिणणारी ती अरुंधती. भटजींनी आम्हा नवरानवरीला ती दाखवली, तशा मांडवातल्या झाडून सगळ्यांनी माना वर केल्या. ज्याला ती दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो, असं आमच्याकडे मानत. त्यामुळे ज्यांना पत्रावळीवरचा लाडू धड दिसत नव्हता असे म्हातारेही ‘दिसली, दिसली’ म्हणत होते. सासरे मात्र खरं बोलले. “मले नाई दिसून राह्यली,” म्हणाले आणि मटकन खाली बसले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मरायला घेतलं. म्हणजे खाटेवर पडून फर्माईशी सुरू केल्या. आज पुरणपोळी, उद्या रोडगे आणि वांग्याची भाजी. जाणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? नवं पागोटं त्यांनी धाकट्या भावाला देऊन टाकलं. तो ते घालून मिरवताना दिसला तेव्हा, “अजून गेलो नाई मी,” म्हणून परत मागवलं.

रांधायचं मला काही वाटत नव्हतं. पण विहिरीवर बायका कुजबुजू लागल्या, की सून पांढऱ्या पायाची निघाली, येताच सासऱ्याला खाटेवर घातलं. ते खरंच गेले असते तर त्या गावात माझं काय झालं असतं? मला भयंकर राग यायचा, आणि रागाहून जास्त भीती वाटायची.

मग मी हट्टच धरला. दिवेलागण झाली की त्यांना शिडीनं धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, चढवायचं आणि अरुंधती दाखवायचीच. नव्या सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, म्हणून मी पदर ओढून सासूबाईंच्या कानात सांगायची आणि त्या ओरडायच्या.

“आत्याबाई, मामाजीले म्हणा, जरा डावीकडं पाहा.”

“अहो, डावीकडं पाहा म्हन्ते!”

“कोन्ती डावी? तिची का माही?”

“तुमची!”

“हे लुकलुक करून राह्यली ते का?”

तो शेजाऱ्याच्या गोठ्यातला कंदील होता.

आषाढ लागला आणि आभाळ गच्च भरलं. आता चांदणी कुठली दिसायला! मी हात टेकले. त्यातच एक दिवस विहिरीवर एकीनं तोंडावरच ऐकवलं, “तुह्या पायानं म्हातारा चालला.” मी रिकामी घागर घेऊन रडत घरी आले. सासऱ्यांनी खाटेवरून आधी माझ्याकडे, मग रिकाम्या घागरीकडे पाहिलं.

संध्याकाळी ते आपणहून शिडी चढले. आम्ही दोघी मागोमाग. त्यांनी मान वर केली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले, “दिसली! दिसली वं अरुंधती!”

आळीतली माणसं अंगणात आली. सगळ्यांनी वर पाहिलं. वर नुसता काळाकुट्ट ढग. पण ‘मला दिसत नाही’ असं म्हणायची कोणाची छाती होती? विहिरीवरची ती बाईच सगळ्यांत आधी म्हणाली, “हो वं माय, दिसली!”

मी पदर तोंडात कोंबून हसत होते. हसता हसता रडूच आलं. उतरताना सासरे शिडीपाशी थांबले आणि सासूबाईंना मध्ये न घेता, पहिल्यांदाच, माझ्याशी बोलले.

“जाय पोरी, उद्या बिनघोर पान्याले जाय.”