वीतभर जास्तीची पाठ

आमचे बाबा शिंपी. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि कोट सोडून दुसऱ्या कशालाही त्यांनी हात लावला की घरात पसारा ठरलेला. त्यामुळे एक दिवस ते आईच्या पलंगाला लाकडी पाठ करायची म्हणाले, तेव्हा मी आधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

पण पाठ हवीच होती. आईला दम्याने धरलं होतं. आडवं पडलं की जीव घुसमटायचा, म्हणून डॉक्टरांनी तिला टेकून झोपायला सांगितलं होतं. आमच्या लोखंडी पलंगाला उशाकडे नुसता एक गज, आणि मागची भिंत ओलसर. उशा रचून द्याव्यात, तर आईचा डोळा लागतो न लागतो तोच त्या घसरायच्या, मान लटकायची आणि ती खोकत उठून बसायची. झोपेवाचून बाई अर्धी झाली होती.

बाजारात गुबगुबीत पाठी मिळत, पण त्या आमच्यासाठी नव्हत्या. बाबा दुकानात जाऊन एकीला बोटाने दाबून आले.

"कोटाच्या खांद्यात भरतो तसंच भरलंय आत," ते म्हणाले. "हे मी करीन."

मग त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि आईला भिंतीशी बसवून तिचं माप घेतलं, कमरेपासून डोक्यापर्यंत.

"ताठ बस. श्वास सोड."

"सोडते," आई म्हणाली, "पण परत घेता येईल का ते आधी बघू द्या."

लाकूड कुठलं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पुढच्या खोलीतल्या कपडे बेतायच्या टेबलाची फळी त्यांनी उचकटून आणली होती. सागवानी फळी, कडेला कात्रीचे ओरखडे, मधे खडूच्या रेघा मुरलेल्या.

"अहो, आणि तुम्ही बेतणार कशावर?"

"जमिनीवर. जमीन काय पळून जातेय?"

"गुडघे जातील."

"गेले तर बसूनच काम आहे माझं."

समोरचा सुतार करवत घेऊन मदतीला आला. बाबांनी करवत ठेवून घेतली आणि त्याला परत पाठवलं. आयुष्यभर कापायचंच काम केलं, मला काय शिकवतोस, म्हणाले. फळीवर खडूने आखलं, जीभ दातांत धरून कापलं. खिळेसुद्धा आधी सगळे अर्धवट ठोकले, कच्चा टाका घालतात तसे, मग लांब उभं राहून बघितलं आणि पक्के केले. कोटांची उरलेली कतरण आत भरली, वरून करड्या कापडाचे तुकडे जोडून ताणून बसवले आणि जागोजागी कोटाची बटणं लावली. दिसायला ती पाठ एखाद्या जाड्या साहेबाच्या पोटासारखी झाली.

पलंगाला लावली तेव्हा घोळ उघड झाला. पलंग नीट मोजला होता, पण हाताला लागलेली सवय. कापताना दोन्हीकडे शिवणीसाठी चार-चार बोटं जास्त सोडली होती. पलंग कोपऱ्यात, एका बाजूला भिंत, त्यामुळे जास्तीचं सगळं खिडकीच्या अंगाला आलं. जवळजवळ वीतभर पाठ पलंगाबाहेर. सुतार दारात उभा राहून इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

"लाकडाला शिवण घालत नाहीत हो, मास्तर."

बाबांचा चेहरा पडला. ते करवत घ्यायला वळले. पण आई तोवर टेकून बसली होती. तिची मान बरोबर मऊ जागी आली होती.

"राहू द्या," ती डोळे मिटून म्हणाली. "आता हलवू नका." आणि भरदुपारी, आमच्यासमोर, ती झोपली. किती दिवसांनी तिचा श्वास असा संथ ऐकला होता. बाबा खाली बसून सांडलेली कतरण गोळा करत राहिले, आवाज न करता. मला रडू आलं, ते मी स्वयंपाकघरात जाऊन आवरलं.

ती वीतभर जागा वाया गेली नाही. बाबांनी तिथे स्टूल ओढलं. काज, बटणं, हातशिलाई, सगळं ते तिथेच बसून करायचे, त्या तुकड्याला डोकं टेकून. आई टेकून झोपायची, नाहीतर जागी असली की त्यांच्या टाक्यांना नावं ठेवायची. काही वर्षांनी त्या करड्या कापडावर डोक्याच्या तेलाचे दोन डाग पडले, एक मधोमध आणि एक कडेला. मी ते पुसायला गेले की आई हाकलून द्यायची.

आई गेली तेव्हाही ती त्या पाठीला टेकलेलीच होती.

बाबांचे गुडघे तोवर खरंच गेले होते. सबंध पलंग मोकळा, आणि ते आपले त्या स्टुलावर. एकदा मी वैतागून म्हणाले, "बाबा, आता तरी वर नीट टेकून बसा. जागाच जागा आहे."

त्यांनी सुईत दोरा ओवला, मधल्या डागाकडे एकदा पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "तिची जागा तिला राहू दे. माझ्यापुरती मी कापतानाच सोडली होती."