आक्कांनी विचारलेले पत्ते

शहापुरात साड्यांच्या एका पेढीत मी कॉम्प्युटर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे, प्रिंटरमध्ये कागद अडकला की मला हाक, वीज गेली की मला हाक, आणि वीज परत आली तरी मलाच हाक. हिंडलग्याहून दुचाकीवरून येतो. सकाळी शेतात पाणी सोडून निघालो की चपलांना चिखल असतो, आणि आमचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, आधी माझ्या पायांकडं बघतात, मग घड्याळाकडं.

ऐन लग्नसराईत पेढीचं इंटरनेट रखडायला लागलं. व्यापाऱ्याला एका साडीचा फोटो पाठवायचा म्हणजे तो पोचेपर्यंत चहा पिऊन यावं. अण्णांनी लगेच निदान केलं, "कोण तरी शिनिमा बघतंया. मला माणूस पायजे."

मी म्हटलं, आपल्या डीएनएस सर्व्हरवर नोंद चालू करू. अण्णांच्या कपाळावर आठ्या आल्या, म्हणून समजावलं ते असं. गल्लीत नवखा माणूस आला की कोपऱ्यावरच्या पानवाल्याला पत्ता विचारतो. तसा प्रत्येक कॉम्प्युटर कुठल्याही साइटवर जायच्या आधी या सर्व्हरला तिचा पत्ता विचारतो. आजवर आपला पानवाला पत्ता सांगून मोकळा होत होता. आता त्याच्या हातात पेन द्यायचं आणि कुठल्या कॉम्प्युटरनं, कधी, कुणाचा पत्ता विचारला तेवढं लिहून ठेव म्हणायचं. तिथं जाऊन कुणी काय केलं ते त्याला कळत नाही.

"तेवढंच लई झालं," अण्णा म्हणाले.

सेटिंगच्या फाइलमध्ये चार ओळी घालायच्या, एवढंच काम होतं. त्यात एका कंसानंतरचा अर्धविराम राहिला आणि सर्व्हर रुसून बसला. सगळी पेढी ठप्प झाली. अर्धविराम दिला तेव्हा सर्व्हर उठला, पण लिहीना. कारण पानवाल्याला पेन दिलं, पण ज्या फोल्डरमध्ये लिहायचं तिथं शिरायची परवानगीच द्यायची राहिली होती. ती दिली आणि स्क्रीनवर ओळींवर ओळी धावायला लागल्या. मला इतका आनंद झाला की समोरच्या भिंतीलाच मी "बघ" म्हणालो.

अण्णांनी सगळ्यांना खाली गोळा केलं. उद्यापासून कोण काय बघतंय ते लिहून घेतलं जाणार, असं आधी मराठीत सांगितलं, मग तेच कन्नडात, म्हणजे पुढं कुणी कळलं न्हाय म्हणायला नको. आमच्या सीमाभागात महत्त्वाची धमकी दोन्ही भाषांत द्यावी लागते. त्या जाड भिंतींच्या इमारतीत फोनला रेंज नाही, सगळे फोन पेढीच्याच वायफायवर. तेव्हा पळवाट अशी कुणालाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी नोंद उघडली तर सगळीकडं सामसूम. हिशेबाची खोली एकदम संत झालेली. फक्त दोघं बोलत होते. एक, गेटवरचा नवा कॅमेरा, जो कुठल्या तरी परदेशी कंपनीचा पत्ता न थकता सारखा विचारत होता. आणि दुसरं, डिझाइनच्या खोलीतलं आक्कांचं मशीन.

आक्का म्हणजे वडगावच्या विणकर घरातल्या, पन्नाशीच्या बाई. निम्मं आयुष्य मागासाठी सूत गुंडाळून कांड्या भरण्यात गेलेलं. अण्णांच्या वडिलांनी त्यांच्या हातची रांगोळी बघून त्यांना साडीचे काठ काढायला बसवलं, आधी चौकटीच्या कागदावर, पुढं कॉम्प्युटरवर. कंबरेपर्यंत जाड वेणी, जवळ कायम शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, आणि कुणालाही "बस की रं" म्हणायची सवय.

नोंदीप्रमाणे या आक्का एका सकाळीत म्हशींच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर गेल्या होत्या, पोलीस भरतीवर गेल्या होत्या, कन्नड मालिकेवर गेल्या होत्या, दोन वेगवेगळ्या समाजांच्या वधूवर मंडळांत डोकावल्या होत्या आणि मधल्या वेळेत निपाणीची एसटी शोधत होत्या. मी डिझाइनच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा उलगडा झाला. बाहेर बाकावर पॅकिंगवाला, वॉचमन आणि हिशेबनीस, तिघं दवाखान्यात नंबर लावल्यासारखे बसले होते. आपापल्या मशीनवर नाव लागायला नको, म्हणून सगळे आक्कांकडं येत होते.

"आक्का, हे सगळं तुमच्या नावावर चढतंया," मी म्हणालो.

"चढू दे. माझं नाव कोण विचारतंय?" असं म्हणून त्यांनी मला लाडू दिला.

जेवणानंतर त्या डबा धुवायला गेल्या, तेव्हा आणखी एक गंमत दिसली. "काठ कसा झालाय बघतो" म्हणत खुद्द अण्णा त्यांच्या खुर्चीत बसले. फोनवरचं बारीक अक्षर अण्णांना दिसत नाही. मी जागेवर येऊन नोंद बघितली. त्याच वेळी आक्कांच्या मशीननं कोल्हापुरातल्या एका दवाखान्याचा पत्ता विचारला होता. टकलावर केस उगवून देणाऱ्या दवाखान्याचा. अण्णांची टोपी आंघोळीला तरी निघते का, हा आमच्याकडं जुना वाद आहे.

शनिवारी अण्णांनी कागद छापून मागितला. इंटरनेट खाणारा बहुधा तोच, म्हणून मी आधी कॅमेऱ्याचं सांगायला गेलो.

"कॅमेरा राहू दे, माणूस सांग," म्हणत त्यांनी कागद ओढून घेतला, वरची कॅमेऱ्याची ओळ न वाचताच सोडली आणि आक्कांच्या मशीनवर बोट ठेवलं. "ह्या आक्का दिवसभर ह्येच करतात व्हय? मग काठ बाहेरनं काढून घेतो. त्यांस्नी म्हणावं, परत कांड्या भरायला बसा."

कांड्या भरून आक्कांचे गुडघे आधीच गेलेले, आणि काठ काढताना त्यांचा चेहरा कसा होतो ते मी रोज बघत होतो. पण नोकरी मलाही हवी होती. शेवटच्या पानावरची दवाखान्याची ओळ मी खोडली नव्हती. माझी मर्दुमकी तेवढीच.

आक्कांना बोलावलं. त्यांच्याबरोबर निम्मी पेढी दारात येऊन उभी राहिली, माना खाली घालून. अण्णा मोठ्यानं वाचायला लागले.

"म्हशी?"

"मीच. घ्यायचा इचार हाय," आक्का म्हणाल्या. दारातला वॉचमन खोकला.

"पोलीस भरती? ह्या वयात?"

"मीच बघितलं. बघायला काय वय लागतंय?"

"वधूवर मंडळ?"

"त्ये बी मीच."

कुणीतरी हसू दाबलं. मला मात्र दिसत होतं, एकेका ओळीनं ही बाई आपली खुर्ची घालवत होती आणि एकाचंही नाव घेत नव्हती. अण्णांनी तावातावानं शेवटचं पान उलटलं.

"आणि ह्ये काय, कोल्हापूरचा दवाखाना, केस..." अण्णा थांबले. त्यांचा हात आपोआप टोपीकडं गेला.

दारातले सगळे वर बघायला लागले. आक्कांनीही अण्णांकडं बघितलं, टोपीवरचा हात बघितला, आणि त्यांना कळलं. त्यांनी ती जाड, काळीभोर वेणी पाठीवरून पुढं घेतली आणि दोन्ही हातांत धरून ठेवली.

"त्ये बी मीच अण्णा. लई गळत्यात."

कुणी हसलं नाही. अण्णांनी कागदाची घडी घातली, तिची आणखी घडी घातली आणि खिशात टाकली.

"जावा आक्का, त्यो काठ पुरा करा," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडं न बघताच विचारलं, "कॅमेऱ्याचं काय म्हणत होतास रं तू?"