लिमीवहिनीचा सायकल-कम्प्युटर

सरोवराकाठच्या आमच्या कायेंझे गावात सायकल चालवणाऱ्या बायका खूप आहेत, पण लिमीवहिनी सायकल चालवत नाही, हाकते. पहाटे होड्या काठाला लागल्या की मासळीच्या दोन टोपल्या कॅरियरला बांधायच्या आणि ऊन चढायच्या आत म्वांझाचा बाजार गाठायचा, हे तिचं कैक वर्षांचं काम. मी तिचा धाकटा दीर बुंदाला, गावातला सायकलवाला मिस्त्री. तिच्या सायकलीच्या चेन मी बदलल्या, पेडल मी बदलली, त्यामुळे तिच्या पायांत काय ताकद आहे हे मला तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक. आमच्याकडे दीर-वहिनींनी एकमेकांची टर उडवली नाही तर लोकांना वाटतं घरात काहीतरी बिनसलंय. तेव्हा पुढे मी तिच्याबद्दल वाकडं काही बोललो, तर ते रीतीप्रमाणे समजा.

यंदा म्वांझा विभागाचा बायकांचा सायकल संघ पहिल्यांदाच दोदोमाच्या मोठ्या शर्यतीला जाणार होता. संघात एकच जागा उरली होती. संघाची कोच तेओपिस्ता, सरोवरापलीकडच्या बुकोबाची बाई, जिभेची तिखट. ती बाजारात वहिनीकडूनच मासे घ्यायची. एक दिवस ती बसमधून येत होती आणि टोपल्यांसकट वहिनीनं त्या बसला मागं टाकलं. बाजारात पोचल्यावर मासे घ्यायच्या आधी तिनं वहिनीचा दंड धरला.

"हे बघ, पन्नास किलोमीटर, अडीच तासांच्या आत. वाटेत थांबलीस तर थांबलेला वेळही मी धरणार. आणि नोंद जीपीएसच्या कम्प्युटरवरच हवी, छातीच्या पट्ट्यासकट. फोनवरची चालणार नाही. मागं एकीनं फोन मोटारसायकलवरून फिरवून आणला होता. हृदय धडधडताना दिसलं की मग मी मानते."

वहिनीचं वय छत्तीस. घरी येऊन ती मला म्हणाली, "भावजी, पुढच्या वर्षी नव्या पोरी येतील. मला ही एकदाच संधी आहे." हे म्हणताना ती हसली नाही. एरवी माझ्याशी बोलताना ती हसल्याशिवाय राहत नाही, म्हणून मी दुकानाला कुलूप लावलं आणि तिच्याबरोबर म्वांझाला गेलो.

तिच्याकडे साठवलेले दीड लाख शिलिंग होते, त्यातच पट्टाही बसवायचा होता. सलूमच्या दुकानात काचेच्या कपाटात कम्प्युटर मांडले होते, आणि माझी नजर जिथे जायला नको तिथेच गेली. मोठा रंगीत पडदा, बोटानं सरकवायचा, आत सगळ्या जगाचा नकाशा.

"वहिनी, हा घ्या! हा म्हणजे राजा!"

"राजाची किंमत विचारा आधी."

सलूमनं सांगितली. मी खोकलो.

"हप्त्यानं देईन, ताई," सलूम म्हणाला. "नकाशा आहे, रस्ता चुकायचं कामच नाही."

"मी रस्ता चुकले तर माझी सायकल मला घरी आणते," वहिनी म्हणाली. "नकाशा भावजींना द्या. ते बाजारातून घरी येताना पोंबे दारूच्या दुकानात चुकतात."

सलूम इतका हसला की मला बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं. पण वहिनीचं लक्ष कपाटातच होतं. तिनं सलूमला तीन-चार यंत्रं बाहेर काढायला लावली, आणि सगळी घेऊन दुकानाबाहेर भर उन्हात जाऊन उभी राहिली. राजाचा पडदा उन्हात काळा ठिक्कर पडला. मग तिनं शेजारच्या चहावालीच्या बादलीत हात बुडवला आणि ओलं बोट राजाला लावलं. राजा हललाच नाही.

"अहो ताई, ओला हात कशाला लावता!" सलूम किंचाळला.

"माझा हात कोरडा कधी असतो? मी मासे विकते."

शेवटी तिच्या हातात राहिलं ते सगळ्यात गरीब दिसणारं यंत्र. काडीपेटीपेक्षा थोडं मोठं, काळं-पांढरं, बाजूला चार जाड बटणं. पण आकडे उन्हात ठळक दिसत होते, ओल्या बोटानं बटण दाबलं की टक्कन वाजत होतं, छातीचा पट्टा त्याला जोडता येत होता, आणि एकदा चार्ज केलं की दोन-तीन दिवस बघायला नको. आमच्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल हे सांगता येत नाही, म्हणून ते शेवटचं तिनं तीनदा विचारलं. कपाटात राहून त्याचं खोकं फाटलं होतं, म्हणून सलूमनं किंमत उतरवली.

"एक गोष्ट करून देतो," तो म्हणाला. "तुम्ही थांबलात की हे आपोआप मोजायचं थांबेल. सरासरी छान दिसते. सगळे करून घेतात."

"नको," वहिनी म्हणाली. "थांबले तर थांबलेली दिसू दे. कोचबाई तसंही सगळाच वेळ मोजणार आहेत."

मी परतीच्या वाटेवर तोंड फुगवून होतो. एवढा सुंदर राजा सोडून हे भिकारडं घेतलं म्हणून. घरी आल्यावर माझ्या म्हाताऱ्या आईनं छातीचा पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"हे काय, गाढवाला बांधायचं?"

"आई, यानं हृदय मोजतात," वहिनी म्हणाली.

"मग तुझ्या नवऱ्याला बांध. आहे का बघू दे."

पहिल्या फेरीला वहिनी सकाळी निघाली. इगोंबे गावाच्या पलीकडल्या मोरीपर्यंत जायचं आणि परत. आमच्या गावातून बाहेर पडायला हा एकच रस्ता आहे. मी दुकानापुढे डोळे लावून बसलो. अडीच तास झाले, तीन झाले, साडेतीन झाले. वहिनी आली ती घामानं निथळत, पण दमलेली अजिबात नव्हती. तिथंच मला कळायला हवं होतं.

नोंद कोचला पाठवली. थोड्याच वेळात फोन आला. तेओपिस्ताचा आवाज मला दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता.

"बाई, सायकल चालवत होतीस की लग्नाची आमंत्रणं वाटत होतीस? चालते तेव्हा वाऱ्यासारखी, आणि दर दोन किलोमीटरला थांबलेली! काय करत होतीस?"

काय करत होती ते मला माहीत होतं. त्या रस्त्यावरचं प्रत्येक गाव आमच्या भाऊबंदांचं आहे. सकाळी झाडाखाली म्हातारी माणसं बसलेली असतात. आम्हा सुकुमा लोकांची सून सायकलवरून त्यांच्यासमोरून सुसाट निघून जाणार? ती उतरणार, गुडघा टेकणार, म्वांगालुका म्हणून नमस्कार करणार. मग समोरून रीतीप्रमाणे कुळ विचारणार, गुरं कशी आहेत, पोरं कशी आहेत, सासूचा गुडघा कसा आहे. बाजाराला ती अंधारात निघते, तेव्हा कुणी बाहेर नसतं. या फेरीला ती उजाडल्यावर निघाली होती.

"रविवारपर्यंत अजून एकदा," कोच म्हणाली. "मग मी दुसरीला घेते."

"वहिनी, अंधारात जा ना," मी म्हणालो.

"जाताना अंधार असेल. येताना उजाडेलच. आणि कोचबाईंनी दिवसाउजेडी चालवायला सांगितलंय, अंधारात पडले तर जबाबदारी त्यांची."

"मग उतरू नका! नुसता हात करा!"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाना शोधायला लागलो. "भावजी, शर्यत एक दिवसाची आहे. या रस्त्यावर मला मरेपर्यंत राहायचंय."

माझा संताप अनावर झाला, आणि संताप आला की मी आईपाशी जातो. सगळं सांगितलं. चूक केली असं लगेच वाटलं, कारण म्हातारीचा चेहरा दगडासारखा झाला.

"म्हणजे आम्ही म्हातारी माणसं तिच्या वाटेतली धोंड?"

"असं ती म्हणाली नाही, आई. मी म्हणतोय."

"तू गप्प बस."

दुपारी तिनं काठी घेतली आणि रस्त्याला लागली. मी पाठीमागून हाक मारली, तिनं मागं पाहिलं नाही. ती संध्याकाळी कुणाच्या तरी बैलगाडीतून परत आली, तोपर्यंत सगळ्या भाऊबंदांकडे वहिनीची निंदा पोचली असणार, असं मी धरून चाललो. वहिनीला काही बोललो नाही. जेवताना तिच्या मक्याच्या उगालीच्या ताटाकडेही बघवत नव्हतं.

रविवारी ती निघाली. मी मोटारसायकल मागून घेतली आणि बराच मागं राहून तिच्यामागे गेलो. पहिल्या गावाच्या चिंचेखाली वडीलधारा म्झे न्दाकी बसतो, आमच्या वडिलांचा चुलतभाऊ, रस्त्यावरचा सगळ्यात मानी माणूस. वहिनीनं लांबूनच पेडल थांबवलं. मग मला दिसलं.

म्झे न्दाकी रस्त्याकडे पाठ करून बसला होता. चिंचेच्या खोडाकडे तोंड, नाक जवळजवळ सालीला टेकलेलं.

ज्यानं तुम्हाला पाहिलंच नाही, त्याला नमस्कार राहिला असं कोण म्हणणार? वहिनी क्षणभर घोटाळली. तेवढ्यात म्हाताऱ्यानं खोडाला उद्देशून जोरात म्हटलं, "आज मला काही दिसत नाही बुवा!" आणि वहिनीचा पाय पेडलवर पडला.

पुढल्या गावात आंब्याखाली पाच म्हाताऱ्या ओळीनं पाठ करून बसल्या होत्या आणि त्यांच्या पाठी हसण्यानं हलत होत्या. एका आजोबांनी डोक्यावरून चादर घेतली होती. विहिरीवरच्या आजी घागरीच्या तोंडात डोकं घालून काहीतरी शोधत होत्या. पंचवीस किलोमीटर सगळे भाऊबंद रस्त्याकडे पाठ करून बसले होते. परत येतानाही तसंच. माझी आई काठी टेकत टेकत कुठं गेली होती, आणि तिचा निरोप गावागावांतून कसा पुढे गेला होता, ते मला तेव्हा समजलं, आणि मी मोटारसायकलवर बसून भर रस्त्यात रडलो. वहिनी मात्र हाकत होती. एवढ्या वेगात मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

शेवट आमच्या अंगणात. अंगणात आई स्टुलावर बसलेली, रस्त्याकडे पाठ, ताठ. वहिनी आत शिरली, बोटं घामानं निथळत होती, आणि त्या ओल्या बोटानं तिनं बटण दाबलं. टक्. दोन तास अठरा मिनिटं.

मी ओरडलो. शेजारी ओरडले. आई हलली नाही. वहिनीनं सायकल भिंतीला टेकवली, वळसा घालून आईच्या समोर आली आणि दोन्ही गुडघे मातीत टेकले. "म्वांगालुका, आई."

आईनं आधी तिच्या छातीवरच्या पट्ट्याला हात लावून पाहिला. "झालं तुझं मोजून?"

"झालं."

"मग आता सावकाश विचार. माझा गुडघा कसा आहे, तिथपासून."

दुसऱ्या दिवशी वहिनी परत त्याच रस्त्यानं गेली आणि प्रत्येक झाडाखाली उतरली. संध्याकाळ झाली यायला. त्या दिवशीही यंत्र चालूच राहिलं होतं, त्यामुळे दोन्ही नोंदी तेओपिस्ताकडे गेल्या. तिचा फोन आला तेव्हा मी कान लावूनच होतो.

"जागा तुझी. दोदोमाची तयारी कर," ती म्हणाली. "पण ही दुसरी कसली? पन्नास किलोमीटरला अख्खा दिवस?"

"कोचबाई," वहिनी म्हणाली, "राहिलेले नमस्कार पोचवायला गेले होते."