गणपतीच्या मागे

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्हा पेण-रोह्याच्या शिक्षकांची पहिली तुकडी प्रशिक्षणासाठी मुंबईच्या संग्रहालयात जाऊन आली, आणि आमचे विस्तार अधिकारी म्हणाले, "सहल झाली ना मजेत?" माझं डोकंच फिरलं. पण साहेबांसमोर बोलणार कोण? त्यांनी फर्मान काढलं: रोह्याच्या शाळेत एक नमुना तास घ्या, काय शिकलात ते दाखवा, मगच दुसरी तुकडी पाठवतो. आणि तास घ्यायचा कुणी, तर मी!

दुसऱ्या तुकडीत आमच्या शाळेतल्या मोठ्या बाई होत्या. उभी हयात इतिहास शिकवला, संग्रहालय एकदाही पाहिलं नाही, आणि आता निवृत्ती तोंडावर आलेली. "माझं जाणं तुझ्या हातात हाय गो," त्या हसत म्हणाल्या.

संग्रहालयातल्या मार्गदर्शक बाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, वस्तूभोवती फिरा, मागून बघा. दगडी गणपतीपुढे मात्र आम्ही सगळे पेणकर खिळून उभे. गणपतीची पाठ बघायची नाही, तिथे दारिद्र्य असतं, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. "अहो, मागे या ना!" असं त्या बिचाऱ्या म्हणत राहिल्या. शेवटी जीव मुठीत धरून मी एकटी गेले. मागे छिन्नीचे घाव तसेच होते, कालच मारल्यासारखे. तेव्हाच ठरवलं होतं, हे मुलांना दाखवायचं.

म्हणून शाळेशेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून शाडूची मूर्ती मागून आणली, पुढून रंगवलेली, मागून कच्ची. पेणहून रोह्याच्या बसमध्ये मोठ्या बाई सोबतीला आल्या. गडबपासूनच रस्ता असा खड्ड्यांचा की प्रत्येक धक्क्याला मी मूर्तीची सोंड चाचपत होते. नागोठण्याला त्यांनी खिडकीतून कंपनीकडे पाहिलं. त्यांचा मुलगा तिथे कंत्राटावर शिफ्ट करायचा, कायम होण्याची वाट बघत.

वर्गात मी मूर्ती मध्ये ठेवली. काय काय दिसतं? सोंड, मोदक, उंदीर. तेवढ्यावरच संपलं. "आता मागे जाऊन बघा." कुणी हलेना. पुन्हा सांगितलं. एक मुलगी पुटपुटली, "नाय बाई, आजी ओरडंल." मागच्या बाकावर साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. दटावून मुलांना मागे ढकलू? छे! कुणाच्या घरची भीती मी कशी काढणार होते? गेला तास, गेली तुकडी, असं मनात म्हणत मी खडू कुरतडत उभी राहिले.

तेवढ्यात शिक्षकांच्या बाकावरून मोठ्या बाई उठल्या. मूर्तीला हात जोडले, कान पकडले आणि सरळ मागे गेल्या. वाकून बघितलं. "अगो बाय माझे! हितं बोटं उमटल्यात कुणाची तरी!"

मग काय विचारता! अख्खा वर्ग मागे धावला. हा अंगठा, ही करंगळी, हा बाप्या की बाईमाणूस, माती ओली असताना कुठे धरलं असेल, नुसता कलकलाट. साहेबही बाक सोडून मूर्तीमागे आले. जाताना म्हणाले, "पाठवतो दुसरी तुकडी."

परतीच्या बसमध्ये मी आनंदाने नुसती बडबडत होते. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. नागोठणं आलं तसं त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"बघितली गो मी पाठ. पोराच्या नोकरीचं काय वाईट नाय ना होणार?"

दिवसभर मी एका तासासाठी घाबरले होते. त्या केवढी भीती गिळून मूर्तीमागे गेल्या, हे मला आत्ता कळत होतं. "नाही हो बाई, काही नाही होत," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या मांडीवरची मूर्ती आपल्या मांडीवर घेतली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि तिची पाठ पदराने झाकली. पेण येईपर्यंत त्यांनी तो पदर सरकू दिला नाही.