विहिरीच्या शेताचा नंबर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पोरांना नाही, देवापुढंही नाही — तिथं हात जोडले की मी पटकन दुसरंच काही मागायची. तुम्ही बसलाच आहात निवांत, तर ऐका.

आधी आत्याबाईंचं सांगते. माझ्या सासऱ्यांची बहीण, बालविधवा, आसेगावला आमच्याच घरी राहायच्या. त्यांच्या नावावर दोन शेतं — एक विहिरीचं, एक बरड. बरडात तूर झाली तर झाली, नाही तर कुसळं. मानोऱ्याच्या वाटेवरच्या तांड्यातल्या बाया आमच्याकडं तण निंदायला यायच्या. दिवाळी झाली की अख्खा तांडा कामासाठी बाहेरगावी, पोरंही मागं मागं. आत्याबाईंच्या मनानं घेतलं, या पोरांनी इथंच राहून शिकावं. विहिरीचं शेत शाळेला द्यायचं, तिथंच पोरांची राहायची सोय, आणि पाण्यावर त्यांच्यापुरता भाजीपाला. बरड मला.

सन पन्नास-पंचावन्नच्या मधली गोष्ट. आम्ही दोघी बैलांच्या धमणीत बसून मंगरूळला वकिलाकडं गेलो. भला माणूस. कारकुनानं शेतांचे कागद समोर ठेवून मृत्युपत्र लिहिलं, वकिलानं वाचून दाखवलं. पण कागदात शेताला नाव नसतं हो, नंबर असतो. आत्याबाईंना जन्मात त्या नंबराशी काम पडलं नव्हतं. अमुक नंबर शाळेला, वकील म्हणाले — त्यांनी मान हलवली.

तो नंबर बरडाचा होता. कारकुनाकडून अदलाबदल झाली होती.

मला कसं कळलं? तर — मला वाचता येत होतं. घरात कुणाला ठाऊक नव्हतं. धाकट्या दिराच्या पाटीवरून चोरून शिकले होते. सासूबाई म्हणायच्या, वाचणारी सून माहेरी चिठ्ठ्या लिहिते. पेटीतले शेताचे कागद तर मी कितीदा वाचलेले.

बोलायला किती वेळ लागला असता? वकीलसाहेब, नंबर चुकला — एवढंच ना? घरच्यांची हरकत नाही म्हणून कारकुनानं शाईची गादी पुढं केली, आणि मी अंगठा उमटवला. सही येत असताना, अंगठा. अंगठेवालीला पुढं कोण विचारणार — हेही तेव्हाच मनात येऊन गेलं होतं.

मी विधवा होते, पदरात दोन पोरं होती. पण ते कारण नव्हतं. पोटाला कमी नव्हतं. मला ते शेत आवडायचं, बस.

धमणीत आत्याबाई खुशीत होत्या. "आता मी मराले मोकळी," म्हणाल्या. दोन वर्षांनी गेल्या, कागद निघाला. तांड्यावरची सोनीबाई दारात आली.

"बाई तं विहिरीचं म्हनत होत्या ना?"

आणि मी — "मले कुठं वाचता येते, सोने? कागदात असंन तेच खरं."

"हाव, तुमचं काय त्याच्यात," असं म्हणून तिनं उलट माझीच समजूत घातली.

शाळा झाली बरडावर, एक खोली. पाणी नाही, तर पोरं राहणार कशी? दिवाळीनंतर आईबापामागं निघून जायची. सोनीबाईची धाकटी पोर अशीच निघून गेली, आठ वर्षांची, पाढे तोंडपाठ असलेली. पुन्हा शाळेत आली नाही.

पुढं गावात प्रौढांचा वर्ग निघाला. आता एकदाचं उघड वाचता यावं म्हणून मी जाऊन बसले, खोटं खोटं अडखळत. गुरुजी गावभर सांगायचे, एवढी हुशार बाई पाहिली नाही. मी लाजायचीसुद्धा.

तुम्हाला वाटेल, हे मला आतून खात राहिलं असेल. नाही हो. विहिरीच्या शेतात संत्री लावली, पोरं मार्गाला लागली, सुना मायाळू मिळाल्या. सुखात गेलं माझं सगळं. झोपही लागायची.

सोनीबाई शेवटपर्यंत निंदायला येत राहिली. दुपारी विहिरीवर पाणी प्यायची आणि म्हणायची, "गोड हाय बाई तुमचं पानी." मी हो म्हणायची.

ते पाणी तिच्या पोरीचं होतं. मला माहीत होतं — दर वेळी हो म्हणताना.